परड्यातला रिकामा कोपरा आणि खानापूरचा रांजण (५ पैकी ४ स्टार)

आमचं घर बेळगावात अनगोळला, मागं पूर्वेकडं परडं आहे आणि त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, जिथं चिऱ्याच्या दोन भिंती मिळतात तिथं, ८ बाय ७ फुटाचा तुकडा तीन वर्षं नुसता पडून होता, तिथं कधी विटा ठेवा, कधी नारळाच्या झावळ्या टाका असं चालायचं. आता तिथं खानापूरच्या एका कुंभार मामांनी केलेला रुंद तोंडाचा रांजण बसवलाय, आत पाण्यातली लिली आहे, गप्पी मासे आहेत, आणि एक पूर्ण पावसाळा काढून झाल्यावरच हे लिहितोय, कारण परड्यात ठेवलेली वस्तू आमच्याकडचा पाऊस खाऊन उरली तरच तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

आधी काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा मी शहरातल्या एका दुकानातनं फायबरचा धबधबा आणलेला, दगडासारखा दिसणारा, तीन पायऱ्यांवरनं पाणी पडतं तसला, १८,५०० रुपये. दुकानात लाइट लावून दाखवला तेव्हा फार छान वाटला आणि खरं सांगतो पहिले दोन महिने मुलं रोज त्याच्याजवळ बसायची. मग मार्च-एप्रिलच्या उन्हात रंगाचे पापुद्रे निघायला लागले, शेजारच्या आंब्याची पानं टाकीत पडून पंपाची जाळी तुंबायची, आणि एकदा आम्ही चार दिवस गावाला गेलो तेव्हा पाणी आटलं, पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. असले बुडते पंप पाण्यानंच गार राहतात, कोरडे चालले की टिकत नाहीत, हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही. दुसरा पंप मागायला गेलो तर वॉरंटीत बसत नाही म्हणाले. आपल्याकडं लाइट जाते ते वेगळंच, लाइट गेली की पाणी थांबतं आणि थांबलेल्या पाण्यात डास. त्याचं फार वाईट वाटलं मला, पैशापेक्षा मुलांचा हिरमोड झाला त्याचं.

मग घरात चर्चा सुरू. आई म्हणाली तुळशी वृंदावन करा, पण ते पुढच्या दारात आहेच. भाऊ म्हणाला झोपाळा टाक, पण त्या कोपऱ्यात दुपारपर्यंत ऊन असतंय, बसणार कोण. वडील म्हणाले ईशान्य आहे, पाणीच ठेवा. वास्तू मानणारे मानतील, न मानणारे नाही मानणार, पण मला एक गोष्ट पटली, की आधी त्या जागेला काय हवंय ते बघायचं. म्हणून मी रविवारी तिथं खुर्ची टाकून बसलो, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि ऊन कुठनं कुठं सरकतंय ते खडूनं भिंतीवर मारून ठेवलं. भिंतीमुळं ९ पर्यंत सावली, मग अडीचपर्यंत चांगलं ऊन, त्यानंतर घराची सावली. लिलीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, म्हणजे हिशोब बरोबर बसला. तुमच्या कोपऱ्यात दिवसभर सावली असेल तर लिलीच्या नादाला लागू नका, नुसती पानं येतील, फूल यायचं नाही. तिथं नेचे लावा, नायतर पाखरांसाठी एक उथळ दगडी भांडं ठेवा.

खानापूर आमच्या इथनं २५-२६ किलोमीटर. पिरनवाडी, मच्छे, झाडशहापूर करत पुढं गेलं की माती तांबडी व्हायला लागते. त्या भागातली कौलं आणि मडकी आपल्याकडं जुन्या लोकांना माहितीच आहेत, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. मी मात्र गेलो ते एका म्हाताऱ्या मामांकडं, घरामागंच त्यांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तयार रांजण होते, पण मान बारीक. मामा म्हणाले, "बाळ, पाणी पियाचं असलं तर ह्यो ने. कमळ लावायचं असलं तर तोंड रुंद पायजे की, ऊन आत कुठनं जानार?" ही गोष्ट मला कुठल्याच नर्सरीत कुणी सांगितली नव्हती.

मग ऑर्डर देऊन करून घेतला. उंची ३ फूट, पोट अडीच फूट, तोंड २० इंच, आणि काठाच्या खाली दोन इंचावर एक भोक, जादाचं पाणी जायला, ते ओल्या मातीतच पाडून मग भाजलेलं. हे भोक सांगायला विसरू नका, भाजलेल्या मातीला नंतर ड्रिल मारायला गेलं की तडा जायची भीती. एवढा मोठा रांजण एका बैठकीत चाकावर होत नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, आतनं गोटा धरायचा आणि बाहेरनं थापटणं मारत जायचं, थोडं वाळू द्यायचं आणि परत वर चढवायचं. मी मध्ये एकदा बघायला गेलो तेव्हा तो अर्धाच झालेला आणि काठावर ओलं फडकं गुंडाळलेलं, मामी दर थोड्या वेळानं येऊन त्यावर पाणी शिंपडत होत्या, काठ वाळला तर वरची वळी धरत नाही म्हणून. बाहेरनं थापटण्याचे चपटे चपटे ठसे दिसतात ना, ते आजही हात फिरवला की बोटाला लागतात, आणि मला त्या रांजणात सगळ्यात जास्त तेच आवडतं.

किंमत ३,५०० ठरली, मी घासाघीस केली नाही. छोटा हत्ती भाड्यानं १,२००. गाडीत खाली भरपूर पिंजर (भाताचं वाळलेलं गवत) टाकून, रांजण आडवा न ठेवता उभाच, चारी बाजूनं पिंजर कोंबून आणला. घ्यायच्या आधी मामांनी बोटाच्या पेरानं वाजवून दाखवला, खणखणीत वाजला तर भाजणी बरोबर, बद्द वाजला तर कुठंतरी तडा. तुम्हीपण वाजवूनच घ्या, आणि एकाच जागी नको, गोल फिरून चार-पाच ठिकाणी.

आता बसवायचं. आमच्यात १५ लिटरच्या बादलीनं १३ बादल्या बसल्या, म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलोच्या आसपास, वर रांजणाचं वजन. नुसत्या मातीवर ठेवला तर पावसात एका बाजूला खचणार. म्हणून फूटभर खणलं, खडी भरली, धुम्मसानं ठोकली, वर शहाबादी फरशी आणि लेव्हल बघून मगच रांजण. गवंड्याचा एक दिवस गेला, पण यात काटकसर करू नका.

एक स्टार का कापला ते आता. रांजण पाझरतो. भाजलेली माती सच्छिद्र असते, म्हणूनच तर माठातलं पाणी गार होतं, पण इथं आपल्याला पाणी राहायला पाहिजे. पहिले आठ दिवस रोज दोन-अडीच बादल्या पाणी कमी व्हायचं आणि फरशी ओली. पाझरेल असं मामांनी सांगितलं होतं, पण किती पाझरेल ते मला कळलं नव्हतं. शेवटी रिकामा करून वाळवला, आतनं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलेली सिमेंटची पातळ घोटाई करून घेतली, सात दिवस ओली ठेवली. त्यानंतर लगेच मासे सोडायचे नाहीत बरं का, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. मी पाणी भरून तीन-चार दिवसांनी ओतून टाकायचो, असं पाच वेळा केलं, मग गप्पी सोडले. बाहेरनं मधूनमधून पांढरी पूड येते, ती क्षारांची, कोरड्या ब्रशनं झाडली की जाते. घोटाईचे ९०० रुपये वेगळे धरा.

लिली लावताना नर्सरीतलं खत-कोकोपीट मिसळलेलं मिश्रण वापरू नका, ते हलकं असतं, तरंगून वर येतं आणि पाणी कुजतं. मी मित्राच्या येळ्ळूरच्या भातशेतातली चिकट काळी माती आणली, पसरट कुंडीत भरली, वर बारीक खडीचा थर दिला, आणि कुंडी आत विटांवर ठेवली, म्हणजे कुंडीच्या वर फूटभरच पाणी राहतं. पानं पाण्यावर पोचली की एकेक वीट काढत कुंडी खाली न्यायची.

डासांचं सगळेच विचारतात. डेंगीचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळं मासे नसतील तर हा रांजण ठेवूच नका, नायतर दर आठवड्याला पूर्ण रिकामा करून घासा. आमच्यात आठ गप्पी सोडलेले, आता मोजता येत नाहीत. जुलैच्या पावसात रांजण रोज काठोकाठ, पण भोकातनं पाणी जात राहिलं, भोकाला जाळी बांधली होती म्हणून मासे वाहून गेले नाहीत. लहान मूल घरात असेल तर तोंडावरसुद्धा लोखंडी जाळी बसवून घ्या, आम्ही भाचीसाठी बसवली, लिलीची पानं तिच्यातनं नीट वर येतात.

ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं, जांभळं. सकाळी उमलतं, दुपारी उशिरा मिटतं, असं तीन-चार दिवस. आई आता चहा घेऊन तिथंच पायरीवर बसते, आणि बुलबुल काठावर येऊन पाणी पितात तेव्हा आम्हाला कुणालाच हलू देत नाही.

निपाणीच्या बहिणीलापण एक पाहिजे म्हणून परवा मामांना विचारून आलो. पावसाळ्यात ते मोठं काम घेत नाहीत, माती वाळत नाही, आवा पेटत नाही. दिवाळीनंतर सांगायचं आणि मिरगाच्या आधी घेऊन जायचं. माझ्याला २२ दिवस लागले, तुम्ही महिना धरून चला, आणि जाताना आपल्या जागेचं माप आणि तोंडाची रुंदी कागदावर लिहून घेऊन जावा.