करवल्यांसाठी आभाराचं जेवण: आधी, आदल्या दिवशी की लग्नाच्या सकाळी?

ब्राइड्समेड म्हणजे करवल्या. ड्रेसच्या मापांपासून रात्री अकराच्या रडक्या फोनपर्यंत नवरीचं सगळं त्या झेलतात. लग्नाआधी त्यांना जेवायला बोलवायची पद्धत अमेरिकेत रुळली, ‘ब्राइड्समेड्स लंच’ या नावाने. ब्रायडल शॉवरमध्ये, म्हणजे लग्नाआधी नवरीसाठी ठेवलेल्या पार्टीत, भेटवस्तू नवरीला मिळतात, इथे नवरी देते. बहुतेकदा यजमान तीच असते, कधी तिची आई किंवा मावशी. म्हणून खर्चाची वर्गणी काढायची नाही, आणि बेत ठरवायचं कामही एखाद्या करवलीच्याच गळ्यात घालायचं नाही.

आता कधी ठेवायचं ते बघू.

दोन-तीन आठवडे आधी ठेवलंत तर नवरीचं डोकं ठिकाणावर असतं, गप्पा निवांत होतात आणि ड्रेसची शेवटची ट्रायलही त्याच दिवशी उरकते. अडचण एकच, पण मोठी. बाहेरगावची करवली दोनदा प्रवास कशी करणार? चौघी टेबलाशी आणि पाचवी व्हिडिओ कॉलवर, असं होणार असेल तर हा पर्याय सोडून द्या. सगळ्या एकाच गावात राहत असतील तर मात्र याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

लग्नाच्या सकाळचा नाश्ता वरवर सर्वात सोपा वाटतो. सगळ्या एकाच खोलीत, एकसारख्या गाऊनमध्ये, फोटोग्राफरही हजर. पण जरा हिशोब करा. एकीच्या केसांना आणि मेकअपला पाऊण तास धरला, तर पाच जणींचे पावणेचार तास होतात. दोन मेकअपवाल्या असल्या तरी सव्वादोन, आणि नवरीचा वेळ वेगळाच. म्हणजे एक खुर्चीत, दुसरी ड्रेसला इस्त्री करतेय, तिसरी हरवलेली पिन शोधतेय. खाणं पाळीपाळीने होतं, तेही लिपस्टिक सांभाळत. त्या सकाळी सगळ्यांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, पण ती खाण्याची सोय झाली. तिला आभाराचं जेवण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

राहिली आदल्या दिवशीची दुपार. माझं मत हिलाच. बाहेरगावच्या आलेल्या असतात आणि एकमेकींना न ओळखणाऱ्या करवल्यांना उद्याच्या धांदलीआधी बोलायला वेळ मिळतो. धोका संध्याकाळचा. अमेरिकी पद्धतीच्या लग्नात त्याच दिवशी लग्नाची रंगीत तालीम आणि तिच्यामागून रात्रीचं जेवण असतं. म्हणून बाराला बसा आणि दोनला उठा. जेवण हलकं ठेवा. आई, सासू, आत्या, चुलत बहिणी अशी यादी फुगायला लागली की तिथेच थांबा, कारण वीस माणसांत कुणाचे आभार मानले ते कुणालाच कळत नाही.

घर की रेस्टॉरंट? लग्नघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा रेस्टॉरंट बरं. बिल आधीच चुकतं करून ठेवा, म्हणजे टेबलावर पाकिटं निघणार नाहीत. कुणा नातलगाचं शांत घर मिळत असेल आणि स्वयंपाक बाहेरून येणार असेल, तर घर शंभर टक्के.

अमेरिकेच्या दक्षिण भागात या जेवणाच्या केकमध्ये रिबिनींना बांधलेल्या चिमुकल्या वस्तू लपवतात. जिच्या रिबिनीला अंगठी निघेल तिचं लग्न पुढचं, असं मानतात. गंमत छान आहे. पण करवल्यांत कुणी नुकतीच घटस्फोटातून बाहेर पडलेली असेल, किंवा ‘तुझं कधी?’ ऐकून कावलेली असेल, तर केक साधाच आणा.

भेट म्हणून लग्नातच घालायचे कानातले देऊ नका, तो गणवेश झाला. साधी वस्तू आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरते. चिठ्ठ्या मात्र आठवडाभर आधी लिहा. आदल्या रात्री बसलात, तर पाचही जणींना एकच वाक्य जातं, आणि त्या चिठ्ठ्या एकमेकींना दाखवतातच.