मिटुटोयोचा ०-२५ मिमी डिजिटल मायक्रोमीटर, दीड वर्ष वापरून सांगतोय

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) आहे, नऊ वर्षं झाली. स्वतःच्या पैशाने माईक (मायक्रोमीटर, बारीक माप घ्यायचं साधन) घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. आमच्या एका शाफ्टवर बेअरिंग सीट (बेअरिंग बसते तो भाग) आहे, २० एच ६, म्हणजे २० मिमीच्या वर शून्य आणि खाली १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), एवढ्यातच साइज बसवायची. तेव्हा माझ्याकडे एक स्वस्तातला डिजिटल माईक होता, नाव घेत नाही, दोन महिने बरा चालला आणि मग कुलंट (मशीनवर कट गार ठेवणारं पाणी-तेल) आत गेलं की काय माहीत नाही पण एकाच जागी तीनदा मोजलं तर तीन वेगळी रीडिंग यायला लागली. मला ते वेळेत कळलं नाही, मी त्याच रीडिंगवर एक्सला वेअर ऑफसेट (मशीनमध्ये टूलची साइज दुरुस्ती) मारत गेलो आणि एका नाईटला ४२ शाफ्ट अंडरसाइज. साइज वर राहिली तर परत कट घेता येतो हो, खाली गेली की जॉब भंगारात. सकाळी क्रेटला लाल टॅग लावताना पोटात गोळा आला होता.

पुढच्या पगाराला मिटुटोयोचा २९३ सिरीजमधला कुलंटप्रूफवाला घेतला. रीडिंग ०.००१ मिमीपर्यंत, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव), बॅटरी एसआर ४४. महाग आहे, घरी विचारून घेतला. पण हातात घेतल्यावर फरक कळतो, स्पिंडल (पुढेमागे होणारा दांडा) लोण्यासारखा फिरतो आणि रॅचेटचा (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या मुठीचा) दाब दरवेळी सारखा लागतो त्यामुळे मी मोजलं काय आणि सेकंड शिफ्टवाल्याने मोजलं काय, रीडिंग तेच येतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण आधी अर्धी भांडणं "तू घट्ट पकडलास" यावरूनच व्हायची. कुलंटचे ओले हात रोज लागतात, अजून डिस्प्लेने त्रास दिलेला नाही.

एक सवय मात्र लावूनच घ्या. शिफ्ट सुरू झाली की दोन्ही फेसमध्ये (जॉबला टेकणाऱ्या टोकांमध्ये) स्वच्छ पांढरा कागद हलका पकडायचा आणि ओढून काढायचा. पहिल्या दिवशी कागदावर काळी तेलकट रेघ आली तेव्हा मला कळलं आपण काय मोजत होतो. मग दोन्ही फेस एकमेकांना टेकवून शून्य बघायचं. आणि ठेवताना फेस चिकटवून ठेवू नका, थोडी फट ठेवा.

अजून एक, गरम जॉब मोजून माईकला दोष देऊ नका. मोजमाप २० डिग्रीचं धरलेलं असतं, जॉब त्याच्यावर २० डिग्री गरम असेल तर २० मिमीचा स्टीलचा शाफ्ट साडेचार मायक्रॉनच्या आसपास फुगलेला असतो, म्हणजे आपल्या १३ मधला तिसरा हिस्सा तिथेच गेला. मी दर दहावा जॉब ग्रॅनाइटच्या सपाट दगडावर गार करून मगच ऑफसेटला हात लावतो.

सगळ्यांनी घ्यावा असं नाही. ज्यांचं काम पाच-दहा शतकांत (मिमीच्या शंभराव्या भागांत) चालतं त्यांना व्हर्नियर पुरतो. सर्कलिप ग्रूव्हला (लॉक रिंग बसवायच्या खाचेला) पण हा चालत नाही, २० च्या शाफ्टला ग्रूव्ह १.३ मिमीचा असतो आणि याचा फेस सहा मिमीच्या वर, तिथे पातळ फेसचा ब्लेडवाला माईकच लागतो.

घेताना ऑथराइज्ड डीलरकडूनच घ्या, बिल आणि सर्टिफिकेट मागून घ्या, बाजारात डुप्लिकेट फिरतात. वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला टाका, मी मार्चमध्ये टाकला होता, शून्याला व्यवस्थित आला. आता दिवाळीच्या बोनसमध्ये २५-५० मिमीचा घ्यायचा आहे, नवीन जॉबला ३५ मिमीची सीट आलीये.