टाटा-मर्सिडीज: मूळ इंजिन ठेवायचं की ६९७ बसवायचं?
जमशेदपूरला १९५४ पासून बनलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा जुना सांगाडा हाती लागला, की पहिला प्रश्न इंजिनाचा. मूळ इंजिन ओएम ३१२, सहा सिलिंडरचं डिझेल, सुमारे ४.६ लिटर. क्रँक घासून, लायनर-पिस्टन बदलून, पंप-नोझल जुळवून घेतले की थंडीतला पांढरा धूर सोडला तर ठणठणीत चालतं. पार्टसाठी मात्र भंगार बाजार पालथा घालावा लागतो. दुसरा पर्याय टाटाचं ६९७ इंजिन, म्हणजे ५.७ लिटर, ताकद जास्त, सामानही सहज मिळतं. पण माउंटिंग (इंजिन बसायची बैठक) बदला, क्लच-गिअरबॉक्स जुळवा, आरटीओची परवानगी काढा. (२०२१ च्या व्हिंटेज, म्हणजे जुन्या वाहनांच्या नोंदणीच्या नियमांत दुचाकी आणि प्रवासी मोटारीच आहेत, ट्रकवाल्यांनी त्या नोंदणीची आशा धरू नये.) घाट चढायचे असतील तर ६९७ घ्या. नुसती हौस असेल तर मूळच ठेवा. बॉनेट उघडलं की जाणकार आधी तेच बघतात.