लातूर-उदगीर वायरगार्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची अडत लातूरच्या मोंढ्यात, दुसरं दुकान उदगीरला. टॅली लातूरच्या सर्व्हरवर. उदगीरचा मुनीम तिथूनच रिमोट डेस्कटॉपने काम करतो. जूनमध्ये दोन्हीकडे वायरगार्ड, म्हणजे दोन दुकानांची नेटवर्कं इंटरनेटवरून खासगी बोगद्यानं जोडणारं व्हीपीएन, चालणारे साधे राऊटर बसवले. त्याआधी आयपीसेक या दुसऱ्या, जुन्या व्हीपीएनपायी तीन आठवडे गेले. विक्रेत्याचं एकच पालुपद, "दोन्हीकडं स्टॅटिक आयपी (कायमचा, न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या." उदगीरचा नेटवाला म्हणाला, आमच्याकडं ती सोयच नाही. राऊटरच्या वॅनवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, पत्ता १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट: नेटवाला अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून त्यासाठीच राखीव आहे. तिथं आपल्या राऊटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं दार नेटवाल्याच्या ताब्यात.

पण स्टॅटिक आयपी एका टोकाला असला तरी भागतं. लातूरला तो होताच. फायबरच्या डब्यात वायरगार्डचा पोर्ट, यूडीपी ५१८२०, राऊटरकडं वळवला आणि जोडणीची सुरुवात उदगीरकडून ठेवली. दुकानातल्या आतल्या पत्त्यांचा पट्टा दोन्हीकडं १९२.१६८.१ हाच होता, ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून उदगीरला १९२.१६८.२० केलं. दुसऱ्या आयपीचं दरवर्षीचं भाडं वाचलं. आयपीसेकमध्येही नॅट-टी (नॅटमधून वाट काढायची सोय) असलं की सगळं यूडीपी ५०० आणि ४५०० मधून जातं आणि एकच स्टॅटिक पुरतो. हे विक्रेत्यानं सांगायलाच हवं होतं.

ऑक्टोबरपर्यंत मी पाचपैकी पाच दिले असते. मग सोयाबीनची आवक वाढली आणि लातूरहून उदगीरच्या प्रिंटरवर सोडलेली शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी दुपारी हमखास अडकायला लागली. शेतकरी पैशासाठी बसलेला, मुनीम जेवायला गेलेला, आणि मेव्हण्याचा फोन: "दाजी, पट्टी निघंना की." इथून पिंग केलं तर उत्तर नाही. मुनीम आला, कॉम्प्युटर लावून टॅली उघडलं, की पट्टी लगेच बाहेर. पंधरा दिवस मी प्रिंटरच्या मागे लागलो, नवी केबलसुद्धा आणली.

दोष प्रिंटरचा नव्हता. उदगीरहून काही बाहेर गेलं की नेटवाल्याचा नॅट त्याचं उत्तर आत कुणाला द्यायचं याची नोंद ठेवतो, आणि काहीच गेलं नाही की थोड्या वेळात ती पुसून टाकतो. मग लातूरहून गेलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) आत कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही. आतून एक पाकीट बाहेर पडलं की वाट पुन्हा मोकळी. उपाय एका ओळीचा: उदगीरच्या राऊटरवर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५. दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामं पाकीट जातं आणि नोंद टिकते. वायरगार्डमध्ये हे मुळात बंदच असतं. नॅटमागं बसून बाहेरून येणारं घ्यायचं असलेल्या प्रत्येकाला जे लागणार, ते बसवून देणाऱ्यानं तपासू नये याचा राग अजून गेलेला नाही. त्यानं मजुरी पूर्ण घेतली होती.

तेव्हापासून एकही पट्टी अडकली नाही. उदगीरला लाईट जाऊन आली तरी बोगदा आपोआप जोडला जातो. शेवटचा हँडशेक (दोन्ही राऊटरची एकमेकांशी ओळख पटल्याची वेळ) बघावा तर दोन मिनिटांच्या आसपासचा. तुरीचा सगळा हंगाम असाच गेला. निलंग्याच्या गोदामासाठी तिसरा राऊटर आणलाय. तिथं १९२.१६८.३० ठेवणार, आणि २५ आधी टाकणार.