टॉवेल कारखान्याचं डीलर पोर्टल : दिवाळी ते दिवाळी वापरल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. काही माल आमच्याच मागांवर निघतो, बाकीचा शहराच्या पूर्व भागातल्या जॉबवाल्यांकडून (आमचं सूत घेऊन विणून देणाऱ्यांकडून) येतो. डीलर महाराष्ट्राबरोबर कर्नाटक-तेलंगणातही आहेत. मागच्या दिवाळीनंतर डीलर आणि जॉबवाले या दोघांसाठी लॉगिनचं पोर्टल इथल्याच एका छोट्या टीमकडून बांधून घेतलं. हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्येच राहिला, पोर्टल फक्त त्याच्यावर बसवलं. चादर-टॉवेलवाले ओळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑर्डरी वाढतील या आशेवर पोर्टल करणार असाल तर थांबा. हॉटेलांचा पांढरा टॉवेल, ३० × ६० इंच, ठरलेलं जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन), असा माल लोक पोर्टलवरून बिनदिक्कत मागवतात. रंगीत मालाला मात्र फोनच लागतो. मोबाइलवर दिसणारा मरून आणि डाईंगमधून आलेला मरून वेगळा, आणि दोन लॉटचा मरूनही एकमेकांशी जुळेल याची खात्री नाही. "मागच्या खेपेचाच द्या" म्हणजे नेमका कोणता, हे आमच्या सेल्सच्या माणसालाच ठाऊक.

चाललं ते दुसरंच. खातेउतारा, बिलाची पीडीएफ आणि ट्रान्सपोर्टची एलआर (माल चढवल्याची पावती) कॉपी. डीलर दुकान बंद करून रात्री हिशेबाला बसतो, तेव्हा आमचं ऑफिस बंद असतं. पूर्वी सकाळी अकराला फोनांची रांग लागायची. बिल पाठवा, एलआर नंबर सांगा, माझी बाकी किती निघते. आता यातलं बरंचसं तो स्वतः काढून घेतो. मार्चमध्ये तर पोर्टलवर झुंबड होती. आयकरातलं कलम ४३बी(एच) आल्यापासून आमच्यासारख्या लघुउद्योगाचं बिल मुदतीत चुकतं करावं लागतं: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत उलटली की डीलरचा तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरला जातो. त्यामुळे प्रत्येक बिलासमोर देय तारीख दाखवणारा रकाना आम्ही मुद्दाम घालून घेतला. वसुलीसाठी मी फोन करण्यापेक्षा त्या रकान्याने जास्त काम केलं.

खरा फायदा जॉबवाल्यांच्या बाजूला झाला, आणि तो आम्ही धरलाही नव्हता. सूत किती दिलं, टॉवेल किती आले, घट किती धरली, यावरून महिनाअखेरीला वाद ठरलेला. आता चलन निघालं की त्यांच्या खात्यात सुताची शिल्लक दिसते. फरक असेल तर त्याच आठवड्यात फोन येतो, वाद तिथेच मिटतो. जीएसटीत जॉबला दिलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि त्याच्या तपशिलाचा आयटीसी-०४ हा फॉर्म भरावा लागतो. त्याची नोंदही आता आपोआप तयार असते, सीएच्या ऑफिसमधून ओरड नाही. जॉबवाल्यांतले बरेच घरी तेलुगू बोलणारे, पण मराठी पडद्याबद्दल कोणाची तक्रार नाही. आकडे मोठ्या अक्षरात हवेत, एवढंच म्हणणं.

आता डोकेदुखी. चाचणीच्या वेळी माझ्या भाच्याने ब्राउझरच्या पत्त्यातला बिल क्रमांक बदलून पाहिला, तर दुसऱ्या डीलरचं बिल उघडलं, भावासकट! आमच्याकडे प्रत्येकाचा भाव वेगळा. हे बाहेर गेलं असतं तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नसती. लॉगिन झालं म्हणजे झालं, असं नसतं. प्रत्येक कागद देताना तो याच पार्टीचा आहे का, हे सर्व्हरने तपासलं पाहिजे. पोर्टल ताब्यात घेण्याआधी ही करामत स्वतः करून बघा. तसंच एका पार्टीत मालकाचं लॉगिन वेगळं आणि गोदामवाल्याचं वेगळं ठेवा. मुनीम नोकरी सोडून गेला तरी त्याच्या मोबाइलवर उतारा दिसत राहतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

ओटीपी एसएमएसनेही वेळ खाल्ला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर आधी कंपनीची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग मेसेजचा मजकूर, सगळं मंजूर व्हावं लागतं. मजकुरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज अडकतो. हे काम सॉफ्टवेअर सुरू होण्याच्या आधीच हाती घ्या.

टॅली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. तो बंद, किंवा टॅलीत कंपनी उघडलेली नाही, की पोर्टलवर कालचेच आकडे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या सुट्टीत नेमकं तेच झालं आणि पैसे भरलेल्या डीलरला बाकी दिसत राहिली. त्यानंतर "शेवटची नोंद अमुक वाजताची" ही ओळ पडद्यावर सगळ्यात वर घालून घेतली. तेव्हापासून या कारणाचे फोन नाहीत.

स्टॉकचा नेमका आकडा दाखवत नाही. 'तयार', 'आठवड्यात' आणि 'ऑर्डरवर' एवढंच. शंभर नग दिसले की पाच जण तेच शंभर धरून बसतात.

देखभालीचा करार पुढच्या वर्षासाठी केला आहे. ऑर्डरचं बटण पहिल्या पानावरून काढून आत टाकलं, त्या जागी खातेउतारा आणला. ट्रान्सपोर्टवाल्यांनाही लॉगिन द्यायचा विचार होता, पण ते एलआरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि आमचा मुलगा चढवतो. तेवढ्यावर भागतंय.