गुळवेल: पावसाळाभर घेतल्यानंतरचा अनुभव

बेळगाव-खानापूरकडे मिरगाचा पाऊस लागला की सर्दी-पडसं घरोघरी असतंच. त्यासाठी आम्ही गुळवेल तिन्ही प्रकारांत वापरली: ओली कांडी, बाजारचं चूर्ण आणि सत्त्व. शेवटी टिकली ती ओली कांडी. चूर्ण कोणत्या वेलीचं आणि किती जुनं, हे डोळ्यांनी कळत नाही. सत्त्व म्हणजे मुख्यतः पिष्ट, त्यात आरारूट मिसळलं तरी दिसायला तसंच. आयोडीनचा थेंब दोन्हींना निळं करतो, म्हणून त्या परीक्षेत अर्थ नाही.

खरं काम वेल ओळखण्याचं. रविवार पेठेत किंवा आठवडी बाजारात ‘अमृतबळ्ळी’ (गुळवेलीचं कानडी नाव) म्हणून मिळणारी प्रत्येक कांडी गुळवेलीची नसते. पान हृदयाच्या आकाराचं आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत हवं; खालून लव असेल तर ती दुसरी जात. कांडीवरची कागदासारखी साल नखानं सोलली की आत हिरवं लागतं आणि आडवा काप घेतला की गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. अंगभर टोकदार गाठी आणि मोडल्यावर दुधाळ चीक असेल तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल. ती घेऊ नये. काजऱ्याच्या विषारी झाडावर चढलेली वेलही इथले जाणते लोक तोडत नाहीत, आम्हीही तोडत नाही. कडुनिंबावरची मिळाली तर उत्तम.

एका माणसाला करंगळीएवढी जाड, वीतभर कांडी पुरते, म्हणजे साधारण 15 ते 20 ग्रॅम. वरची साल काढून ठेचायची, दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवायची, गाळून सकाळी घ्यायची. मोठ्या आचेवर पाणी भरभर आटतं आणि कस कांडीतच राहतो. आदल्या दिवशीचा काढा गरम करून पिऊ नये, तो आंबूस होतो. आम्ही पंधरा दिवस घेऊन पंधरा दिवस बंद ठेवतो. काहींचं पोट घट्ट होतं. त्यांनी प्रमाण निम्मं करावं.

कांडी वाळवून ठेवायची असेल तर काप पातळ हवेत. जाड काप वरून वाळलेले वाटतात, आत ओल राहते आणि इथल्या आषाढात डबा उघडला की हिरवट बुरशी. वाकवल्यावर काप कट्‌कन मोडला पाहिजे.

फायदा किती? पडसं लागलं तरी लवकर ओसरतं आणि सकाळच्या शिंका कमी झाल्या, हे आम्हाला जाणवलं. ॲलर्जीच्या सर्दीवर 2005 साली 75 रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत फरक दिसला होता, त्याच्याशी हे जुळतं. पण डेंग्यू, चिकुनगुन्या गुळवेलीनं टळतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ताप आला की रक्त तपासा आणि मच्छरदाणी लावा.

आता धोक्याचं, कारण काढा घरचा म्हणजे निर्धोक असं समजून लोक महिनोन्‌महिने पितात. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं वेल ओळखण्यातली चूक असू शकते असं म्हटलं. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची माहिती पुढे आली, म्हणून हा प्रश्न नुसत्या चुकीच्या वेलीवर ढकलून चालणार नाही. थायरॉईडचे काही विकार, सोरायसिस, संधिवाताचे काही प्रकार अशा स्वप्रतिकारक, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते अशा आजारांत आणि यकृताचा जुना त्रास असेल तर गुळवेल घेऊच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनंही नको.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी काढा बंद करून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना वापरलेल्या कांडीचा तुकडा पिशवीत घालून न्या, नुसतं नाव सांगून जात ठरत नाही.