चाळकेवाडीच्या पठारावर मेलेले पक्षी मोजावेत की जिवंत?

साताऱ्याजवळच्या या पठारावर पवनचक्क्या आहेत; त्यांच्यामुळे किती पक्षी मरतात हे कळायला चक्कीखाली फिरून मेलेले पक्षी मोजणं हा सरळ मार्ग. पण पावसाळ्यात पठारावर गवत वाढतं, कोल्ही-कुत्री रातोरात कलेवरं उचलून नेतात. म्हणून आधी आपणच काही कलेवरं ठेवून ती किती दिवस टिकतात, शोधणाऱ्याला किती सापडतात, हे तपासायचं आणि त्या प्रमाणात आकडा वाढवायचा. हे न करता ‘काहीच सापडलं नाही’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

दुसरा मार्ग, चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांतले जिवंत पक्षी मोजणं. इथल्याच, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्यांजवळ शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांशच दिसले; त्यांचं भक्ष्य असलेले सरडे मात्र वाढलेले. पण कमी झालेल्या पक्ष्यांतले मेले किती नि जागा सोडून गेले किती, ते यातून कळत नाही. मृत्यूच मोजायचे तर मी पहिलाच मार्ग धरेन, दर आठवड्याला, त्याच चक्क्यांखाली.